सहा वर्षांत पाच संघ: असा मुलगा जावई म्हणून कसा?

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका गृहस्थांनी विचारलं आहे. त्यांची मुलगी ज्याच्याशी लग्न करायचं म्हणते तो मुलगा एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या सगळ्यांत मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये, वाइड रिसीव्हर, म्हणजे चेंडू झेलणारा, आहे. मुलगा वागायला चांगला, घरी येतो, वरणभातही आवडीने खातो. पण इंटरनेटवर त्याचं नाव टाकलं की सहा वर्षांत पाच संघ दिसतात आणि मधेमधे 'वेव्ह्ड', 'रिलीज्ड', 'प्रॅक्टिस स्क्वॉड' असल्या ओळी. "पाच ठिकाणांहून काढलेला मुलगा. याला करिअर म्हणायचं का? आणि याच्या हातात पैसे राहतात तरी किती?"

मी नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटमध्ये एकोणीस वर्षं टॅक्सचं काम करते, त्यातली चौदा वर्षं खेळाडूंची रिटर्न्स भरते. मोठ्या नावांची नाही, त्यांच्यामागे मोठ्या फर्म असतात. माझ्याकडे येतात ते तुमच्या या मुलासारखे. वर्षाअखेरी प्रत्येक मालकाकडून पगाराचा एक फॉर्म येतो, डब्ल्यू-टू. तुमच्याआमच्या घरात तो माणशी एक असतो. माझ्या एका रिसीव्हरचे एका वर्षी चार आले होते आणि राज्यांची रिटर्न्स नऊ भरावी लागली. त्यामुळे खेळाडू किती झेल घेतो हे मला बऱ्याचदा ठाऊक नसतं, पण त्याचं वर्ष कसं गेलं ते फॉर्मच्या गठ्ठ्यावरून लगेच कळतं.

आधी 'काढलेला' या शब्दाबद्दल. या लीगमध्ये ज्याला खरोखर काढतात त्याच्या नावापुढे एकच संघ असतो. ऑगस्टमध्ये कट झाला, फोन वाजला नाही, घरी गेला, संपलं. असे दरवर्षी शेकड्यांनी असतात आणि इंटरनेटवर त्यांचं पानसुद्धा धड नसतं. पाच संघ दिसतात याचा अर्थ कट झाल्यावर चार वेळा दुसऱ्या कुणाला तरी हा माणूस हवा होता. खेळाडूंची संघटना कारकिर्दीची सरासरी ३.३ वर्षं सांगत आली आहे. तुमचा मुलगा सहाव्यात आहे.

अशा खेळाडूला इथे जर्नीमन म्हणतात. या शब्दाचा प्रवासाशी संबंध नाही, जरी सगळे तसंच समजतात. तो फ्रेंच भाषेतल्या दिवसावरून आला आहे. उमेदवारी पूर्ण केलेला, हातात कसब असलेला, पण स्वतःचं दुकान नसलेला आणि दिवसाच्या मजुरीवर काम करणारा कारागीर. सुतारकाम येतं, कारखाना दुसऱ्याचा. नेमकं हेच या मुलांचं आहे.

आता त्या ओळी वाचायच्या कशा ते सांगते, कारण निम्मी भीती तिथेच आहे.

लीगमध्ये ३२ संघ. उन्हाळ्यात प्रत्येक संघाकडे ९० खेळाडू असतात. ऑगस्टच्या शेवटी ते ५३ वर आणावे लागतात आणि २०२३ पासून हे एकाच टप्प्यात होतं. हिशेब करा: प्रत्येकी ३७, गुणिले ३२. जवळपास बाराशे माणसं एका झटक्यात बेकार होतात. त्यातून प्रत्येक संघ सोळा जणांचं प्रॅक्टिस स्क्वॉड (सरावापुरता राखीव गट) करतो, म्हणजे पाचशेच्या वर लोकांना पुन्हा काम मिळतं. सकाळी येऊन "कोचनी बोलावलंय, प्लेबुक घेऊन ये" असं सांगणाऱ्या माणसाला खेळाडू 'टर्क' म्हणतात. पूर्वी प्लेबुक म्हणजे संघाच्या डावांची जाडजूड वही असायची, आता टॅब्लेट. निरोप तोच.

कट झालेला खेळाडू लीगमध्ये चार मोसम भरायच्या आतला असेल तर तो 'वेव्ह' होतो: चोवीस तास बाकीच्या ३१ संघांपुढे त्याचं नाव असतं आणि कुणी मागणी केली की त्याला जावंच लागतं. नको म्हणायची सोय नाही. दोन संघांनी मागितलं तर ज्याची कामगिरी वाईट त्याला पहिला मान. चार मोसम पूर्ण झालेला खेळाडू मात्र, निदान मोसमाच्या मध्यापर्यंत तरी, 'रिलीज' होतो. त्याच क्षणी तो मोकळा, हवं तिथे जावं. म्हणजे तुमच्या मुलाच्या पानावर आधी 'वेव्ह्ड' आणि अलीकडे 'रिलीज्ड' लिहिलेलं दिसलं, तर ती सेवाज्येष्ठता आहे. तुम्हाला दोन्ही हकालपट्ट्या वाटल्या असतील.

आणखी एक गंमत. ऑगस्टअखेर रिलीज आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच संघात पुन्हा सही, असं दिसलं तर दचकू नका. चार किंवा अधिक मोसम झालेला खेळाडू पहिल्या सामन्याच्या वेळी ५३ मध्ये असला, तर पुढे काढलं तरी उरलेला पगार मागायचा हक्क त्याला मिळतो (हा हक्क कारकिर्दीत एकदाच वापरता येतो). म्हणून संघ त्याला पहिला आठवडा बाहेर ठेवतात आणि मग घेतात, तेव्हा पगार आठवड्याच्या हिशेबाने. कागदावर ती दोन वेळची उलथापालथ दिसते. प्रत्यक्षात त्याची गाडीसुद्धा त्याच पार्किंगमध्ये उभी असते.

आता पैसे. २०२५ च्या मोसमाचे आकडे देते, म्हणजे अंदाज येईल.

प्रॅक्टिस स्क्वॉडवरच्या नवख्याला आठवड्याला १३,००० डॉलर. दोनपेक्षा जास्त मोसम भरलेल्याला १७,५०० ते २२,०००. मोसम अठरा आठवड्यांचा. ५३ मधल्या नवख्याला वर्षाचे किमान ८,४०,००० डॉलर, चार ते सहा मोसम झालेल्याला ११,७०,०००, सात किंवा अधिकवाल्याला १२,५५,०००. हे आकडे पूर्ण मोसम संघात राहिलात तरच. दर आठवड्याला अठरावा हिस्सा कमावला जातो. आठवा आठवडा संपल्यावर कट झालात तर अठरातले आठ हिस्से तुमचे, बाकीचे कुणाचेच नाहीत. वर्तमानपत्रात 'एक वर्षाचा करार, बारा लाख डॉलर' असं छापून येतं ना, ते बहुतेकदा कमाल असतं. माझ्या टेबलावर त्यातलं किती पोचलं ते फेब्रुवारीत कळतं.

मधली एक पायरी आहे, ती बाहेरच्यांना माहीत नसते. प्रॅक्टिस स्क्वॉडवरच्या दोन जणांना संघ एका सामन्यापुरतं वर घेऊ शकतो. एका खेळाडूला मोसमात तीनदाच. त्या आठवड्याला त्याला वरचा पगार मिळतो. नवख्यासाठी ८,४०,००० चा अठरावा हिस्सा म्हणजे साधारण ४६,६६७ डॉलर. तीन रविवारांचे मिळून १,४०,०००, आणि प्रॅक्टिस स्क्वॉडवरच्या दहा आठवड्यांचे १,३०,०००. तीन दुपारी दहा आठवड्यांना भारी पडतात. चौथ्यांदा हवा असेल तर त्याला ५३ मध्ये घ्यावंच लागतं. शनिवारी दुपारी ही यादी जाहीर होते तेव्हा या मुलांच्या घरी जी शांतता असते ती मी फोनवर ऐकली आहे.

मोसम जास्त झाले की पगाराचा किमान आकडा वाढतो, आणि तिथे एक अडचण उभी राहते. संघांच्या पगारखर्चावर मर्यादा असते, २०२५ मध्ये २७.९२ कोटी डॉलर. मग अकरा लाखांचा जुना माणूस कशाला, साडेआठ लाखांचा पोरगा घेऊ, असं वाटणारच. त्यावर तोडगा म्हणून नियम असा केला आहे: चार किंवा अधिक मोसम झालेल्याला किमान पगारावर एका वर्षासाठी घेतलं, तर मर्यादेच्या हिशेबात त्याचा खर्च दोन मोसमवाल्याएवढाच धरतात. म्हणजे ११,७०,००० हातात देऊनही खात्यावर १०,३०,००० च लागतात. तुमच्या मुलाचे करार नेहमी एका वर्षाचे का असतात, याचं उत्तर इथे आहे. कुणी त्याला 'बांधून घेत नाही' असं नाही. एका वर्षाचा असला तरच तो संघाला स्वस्त पडतो. त्याच्या पायांच्या वेगाइतकीच ही कलमं त्याला गावोगाव फिरवतात, हे माझं ठाम मत आहे.

आता कर. खेळाडू जिथे काम करतो तिथलं राज्य त्या दिवसांच्या कमाईवर कर घेतं. सामने, सराव, बैठका, सामन्यासाठीचा प्रवास, सगळे 'ड्यूटी डेज' मोजायचे आणि त्या प्रमाणात पगार वाटायचा. कॅलिफोर्नियात दोन दिवस खेळायला गेलात तरी तिथलं रिटर्न भरायचं, आणि तिथला वरचा दर १३.३ टक्के. फ्लॉरिडा, टेक्सस, टेनेसी, नेवाडा, वॉशिंग्टन या राज्यांत पगारावर कर नाही, म्हणून मुलं म्हणतात "ताई, मी टॅम्पात घर घेतो, कर वाचेल." घर टॅम्पात आणि नोकरी लॉस एंजलिसला असेल तर काम केलेल्या दिवसांचा कर कॅलिफोर्निया सोडत नाही, हे समजावण्यात माझा प्रत्येक मार्च जातो. वर केंद्राचा कर, वरच्या टप्प्यावर ३७ टक्के. एजंटचे जास्तीत जास्त ३ टक्के. आणि यातला बोचणारा भाग असा की खेळाडू कायद्याने पगारदार नोकर आहे, आणि २०१८ पासून नोकराला असे खर्च वजा करता येत नाहीत. एजंटची फी, संघटनेची वर्गणी, उन्हाळ्यात स्वतःच्या पैशाने ठेवलेला ट्रेनर, काहीही नाही. एखाद्या किराणा दुकानदाराला जी सवलत मिळते ती याला नाही.

म्हणून हातात किती राहतं याचं माझं ढोबळ उत्तर: ढोबळ कमाईचा निम्मा धरून चाला, आणि तो निम्मा मोसमाच्या अठरा आठवड्यांतच कमवायचा असतो हे विसरू नका. फेब्रुवारी ते जुलै नवी कमाई जवळजवळ नाही.

आता प्रत्यक्ष काम. तुम्हाला वाटत असेल रिसीव्हर म्हणजे चेंडू झेलणारा. पहिल्या तिघांच्या बाबतीत ते खरं आहे. संघ पाच किंवा सहा रिसीव्हर ठेवतो आणि सामन्याच्या दिवशी ५३ पैकी ४७-४८ च पोशाख चढवतात. चौथ्या-पाचव्याला मैदानात उतरायचं तर त्याने लाथेच्या खेळात, म्हणजे स्पेशल टीम्समध्ये, कामाला यावं लागतं. आपला संघ पंट मारतो, चेंडू दूर उंच उडवतो, तेव्हा दोन्ही टोकांना एकेक 'गनर' उभा असतो. समोर त्याला अडवायला एक, कधी दोन माणसं. त्यांना चुकवून चाळीस-पन्नास यार्ड जीव तोडून धावायचं आणि चेंडू घेणाऱ्याला तिथल्या तिथे पाडायचं. टीव्हीचा कॅमेरा त्या वेळी आकाशातल्या चेंडूवर असतो. एका सामन्यात हे पाच-सहा वेळा. या कामात नाव नाही, पण याच कामावर मुलगा सहा वर्षं टिकला असण्याची शक्यता मोठी आहे. मॅक हॉलिन्स बघा. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात तो शिष्यवृत्तीशिवाय, स्वतःहून संघात आला, स्पेशल टीम्सवर उभा राहिला, २०१७ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तेव्हा, चौथ्या फेरीत फिलाडेल्फियाने घेतला. पुढे मायामी, लास व्हेगस, अटलांटा, बफेलो, न्यू इंग्लंड. मधे २०२२ मध्ये लास व्हेगसला त्याने ५७ झेल आणि ६९० यार्ड काढले. पाय आधी लाथेच्या खेळाने दारात ठेवला, झेल नंतर आले.

प्रॅक्टिस स्क्वॉडवरच्या रिसीव्हरचं आणखी एक काम असतं, ते मला फार आवडतं. पुढच्या रविवारी ज्या संघाशी गाठ आहे त्यांच्या मुख्य रिसीव्हरचं सोंग आठवडाभर घ्यायचं. कोच पुठ्ठ्यावर काढलेली आकृती वर धरतो, हा तसा धावतो, आणि आपले बचाववाले त्याच्यावर सराव करतात. या आठवड्यात जस्टिन जेफरसन, पुढच्या आठवड्यात दुसरा कुणी. नाटक कंपनीत सगळ्यांच्या नकला पाठ असलेला, पण पडदा उघडल्यावर विंगेत उभा राहणारा एखादा नट असतो, तसा.

पण माझ्या मते यांचं खरं भांडवल डोक्यात असतं. रिसीव्हर सरळ दहा-बारा यार्ड धावतो आणि काटकोनात आत वळतो, ही साधी धाव घ्या. एका पद्धतीत तिला आकडा असतो, सहा. तिथे तीन रिसीव्हरांना तीन आकडे एका दमात सांगितले की झालं. दुसऱ्या पद्धतीत, जिला वेस्ट कोस्ट म्हणतात, आकड्यांऐवजी शब्द असतात आणि एका डावाचं नाव एवढं लांब की ते सांगताना क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला, दम घ्यावा लागतो. तिसऱ्यात या धावेला स्वतंत्र नावच नसतं. तिघांच्या धावांना मिळून एक नाव, आणि तू आज डावीकडे उभा आहेस की मधे, त्यावरून तुझी धाव तू ओळखायची. वर न्यू इंग्लंडसारख्या ठिकाणी समोरचा बचाववाला कसा उभा आहे ते बघून वळायचं की थांबायचं हे धावता धावता ठरवायचं, आणि क्वार्टरबॅकने त्याच क्षणी तेच ठरवलेलं असायला हवं. नाहीतर चेंडू रिकाम्या जागी पडतो आणि मंगळवारी टर्क येतो.

मंगळवार म्हणजे खेळाडूंच्या सुट्टीचा वार, आणि नेमका याच दिवशी संघ बाहेरच्यांना चाचणीला बोलावतात. सोमवारी संध्याकाळी एजंटचा फोन, रात्रीचं विमान, संघाने दिलेलं हॉटेल, सकाळी डॉक्टरांची तपासणी, मग ओळीत चार-पाच रिसीव्हर आणि अर्ध्या तासाची धावपळ. एकाला सही मिळते, कधी कुणालाच नाही. ज्याला मिळते त्याने बुधवारी सकाळी नव्या डावांच्या बैठकीत बसायचं आणि रविवारी कदाचित खेळायचं. चार दिवसांत नवी भाषा. माझा एक अशील हॉटेलच्या आरशावर चिकटचिठ्ठ्या लावायचा: डावीकडे जुन्या संघातला शब्द, उजवीकडे नव्यातला. दात घासताना पाठांतर. त्याला विचारलं, पहिल्या संघातलं काही विसरतोस का? म्हणाला, "विसरून कसं चालेल? तिथला कोच कधीतरी दुसरीकडे जाणारच, आणि जिथे जाईल तिथे त्याची भाषा येणारा माणूस त्याला लागेल." हे अगदी खरं आहे. या लीगमध्ये कोचही फिरत असतात. तुमच्या मुलाच्या पाच संघांतले कोच कोण होते ते जुळवून पाहा. दोन ठिकाणी तरी तोच माणूस सापडेल असं मला वाटतं.

तुमच्याच न्यू जर्सीच्या दोघांची गोष्ट सांगते, मग तुम्हाला या धंद्याची लांबी-रुंदी दिसेल.

ब्रिजवॉटरच्या बालाजी मंदिरात तुम्ही जात असालच. त्याला लागूनच हिल्सबरो. रिकी प्रोल तिथल्या हायस्कूलचा. १९९० मध्ये तिसऱ्या फेरीत कार्डिनल्स संघाने घेतला आणि पुढे सिअ‍ॅटल, शिकागो, सेंट लुईस, कॅरोलायना, इंडियानापोलिस असे सहा संघ, सतरा मोसम. वेगाने डोळे दिपावेत असा तो नव्हता. हात पक्के आणि धाव अचूक. जानेवारी २००० मध्ये टॅम्पा बेविरुद्ध ११-६ असा रडतखडत जिंकलेला सामना त्याच्याच तीस यार्डांच्या झेलाने सुटला आणि सेंट लुईस सुपर बोलला, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याला, जाऊन जिंकलं. मग फेब्रुवारी २००२, पुन्हा सुपर बोल, न्यू इंग्लंडविरुद्ध. दीड मिनिट बाकी असताना प्रोलने झेल घेऊन सामना १७-१७ असा बरोबरीत आणला; शेवटच्या क्षणी अ‍ॅडम व्हिनाटिएरीने लाथ मारून तो न्यू इंग्लंडला जिंकून दिला. फेब्रुवारी २००४, प्रोल आता कॅरोलायनाकडे, समोर पुन्हा न्यू इंग्लंड. जेमतेम एक मिनिट उरलेलं, पुन्हा प्रोलचा झेल, २९-२९. पुन्हा व्हिनाटिएरीची लाथ. हे आमच्या शार्लटमध्ये अजून कुणी विसरलेलं नाही. मी आले तेव्हा शेजाऱ्याने पहिल्या आठवड्यात मला हेच ऐकवलं होतं. आणि मग २००६ चा मोसम संपत आला असताना अडतीस वर्षांच्या प्रोलला इंडियानापोलिसने बोलावलं. त्यांचा लाथ मारणारा त्या वर्षी नवीन आला होता. कोण, ते ओळखलंत. फेब्रुवारी २००७ मध्ये दोघे एकाच बाजूने सुपर बोल जिंकले. प्रोल पुढे आमच्या पँथर्सकडे, म्हणजे कॅरोलायनाकडेच, रिसीव्हरांचा कोच झाला.

दुसरा क्रिस होगन, उत्तरेकडच्या वायकॉफचा. पेन स्टेटला तो लॅक्रॉस खेळायचा, फुटबॉल नव्हे. कॉलेजकडून खेळायची एक वर्षाची पात्रता उरली म्हणून मनमथ विद्यापीठात फुटबॉल खेळला. २०११ च्या ड्राफ्टमध्ये कुणी घेतला नाही. सॅन फ्रान्सिस्को, न्यूयॉर्क जायंट्स, मायामी, बफेलो: कट, प्रॅक्टिस स्क्वॉड, कट. मायामीत टीव्हीवाले सराव चित्रित करत होते; तिथे संघातल्याच रेजी बुशने त्याला 'सेव्हन-इलेव्हन' नाव ठेवलं, कारण तो नेहमी 'ओपन', म्हणजे मोकळा, असायचा, त्या नावाच्या सदा उघड्या दुकानासारखा. तरी मायामीने काढलाच. एनएफएलमध्ये पाय रोवायला त्याला २०१३ उजाडावं लागलं. बफेलोत तीन मोसम टिकला, २०१६ मध्ये न्यू इंग्लंडने तीन वर्षांचे १.२ कोटी डॉलर देऊ केले आणि त्याच मोसमात पिट्सबर्गविरुद्ध, सुपर बोलच्या आधीच्या सामन्यात, त्याने ९ झेल, १८० यार्ड, २ टचडाउन केले. सुपर बोल जिंकल्याच्या दोन अंगठ्या मिळाल्या. मग पुन्हा फिरणं: कॅरोलायना, न्यूयॉर्क जेट्स, आणि २०२१ मध्ये व्यावसायिक लॅक्रॉस खेळून न्यू ऑर्लिन्स. होगनचं पहिल्या दोन वर्षांतलं पान जर एखाद्या मुलीच्या वडिलांनी पाहिलं असतं तर त्यांनाही घाम फुटला असता.

या दोघांची नावं आपल्याला माहीत आहेत म्हणून ती सांगितली. ज्यांची नाहीत त्यांना बहुतेकदा मांडीच्या मागच्या स्नायूने घात केलेला असतो. रिसीव्हर हॅमस्ट्रिंगवर जगतो आणि हॅमस्ट्रिंगनेच संपतो. पहिल्या रिसीव्हरचा स्नायू दुखावला तर त्याला तीन आठवडे विश्रांती देतात, पाचव्याचा दुखावला तर त्याच्या जागी दुसरा बोलावतात. म्हणून पाचवा लपवतो. माझा एक पोरगा दुखरा पाय पट्टीत बांधून मंगळवारच्या चाचणीला गेला, तिसऱ्या धावेत आडवा झाला, परतीच्या विमानातून मला मेसेज केला, "ताई, या तिमाहीचा टॅक्स थोडा उशिरा भरला तर चालेल का?" संघात असताना दुखापत झाली तर गोष्ट वेगळी: जखमींच्या यादीत टाकतात आणि पगार चालू राहतो. पण अनेकांच्या करारात दोन पगार लिहिलेले असतात, खेळत असताना एक आणि जखमींच्या यादीत त्याहून कमी दुसरा. हा कागद बघायला मागा. मागायला लाजू नका.

बघायला मागायच्या गोष्टींत सगळ्यांत महत्त्वाची अशी: 'सहा वर्षं' आणि 'सहा मोसम' एक नव्हेत. एखादा मोसम जमा धरायचा तर किमान तीन सामन्यांपुरता खेळाडू पूर्ण पगारावर, म्हणजे ५३ मध्ये किंवा जखमींच्या यादीत, असावा लागतो. प्रॅक्टिस स्क्वॉडवरचे आठवडे यात सहसा धरत नाहीत. असे तीन मोसम जमा झाले की निवृत्तिवेतन पक्कं होतं आणि खेळ सुटल्यावर पाच वर्षं आरोग्यविमा मिळतो. म्हणून त्याला "किती वर्षं खेळतोस?" असं विचारू नका, "जमा मोसम किती?" असं विचारा. जावई तीन म्हणाला तर पायाखाली जमीन आहे. दोन म्हणाला, तर समजा की येत्या सप्टेंबरातले पहिले तीन रविवार त्याच्यासाठी आयुष्यभराच्या किमतीचे आहेत, आणि त्या दिवसांत त्याच्याशी फार बोलायला जाऊ नका.

मुलीशी मात्र बोला, पण पैशांबद्दल नको, भाड्याच्या घराबद्दल बोला. ही मुलं महिन्यावारी हॉटेलात राहतात, कारण वर्षाचा भाडेकरार केला की ऑक्टोबरमध्ये कट आणि भाडं चालूच. गाडी एका राज्यात, सामान दुसऱ्यात, टपाल माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर. मुलीची नोकरी कुठेही बसून करता येण्यासारखी असेल तर निम्मा प्रश्न सुटतो. नसेल तर दोघांनी एक गाव 'आपलं' म्हणून ठरवावं, तो येईल-जाईल. माझ्याकडची जी जोडपी टिकली आहेत ती अशी आहेत. बायको प्रत्येक वेळी मागोमाग गेली ती फारशी सुखात दिसली नाहीत. हे टॅक्सचं नाही, पण चौदा वर्षं घरचे कागद पाहिले की कळतं.

लग्नाच्या तारखेचंही आताच सांगते, नाहीतर हॉल घेऊन बसाल. ऑगस्ट नको, ऑगस्टचा शेवट तर मुळीच नको. सप्टेंबर ते जानेवारी विषय सोडा. मार्चच्या मध्यावर नवे करार सुरू होतात, तेव्हा त्याचा जीव फोनमध्ये असतो. एप्रिलपासून सराव. जूनच्या मध्याला तो संपतो आणि जुलैच्या शेवटी कॅम्प लागतो; मधले पाच-सहा आठवडे खरी सुट्टी. फक्त त्यातच आषाढी एकादशी येते आणि चातुर्मास लागला की तुमचे गुरुजी मुहूर्त देणार नाहीत. म्हणून जूनचा दुसरा पंधरवडा किंवा फेब्रुवारी, एवढ्यात काय ते बघा. आणि फेब्रुवारी धरलात तर पत्रिका माझ्याकडेही पाठवा, तेव्हा त्याचे डब्ल्यू-टू आलेले असतात. फॉर्म घ्यायला मी येणारच आहे.